मामाची मांडी

रविवारी सकाळी गल्लीच्या तोंडाशी मोटारसायकल वाजली की माझा मुलगा तोंडासमोरचा घास हाताने बाजूला सारतो आणि जिन्याकडे पळतो. तो घास माझ्या हातात असतो. डोशाचा तुकडा, चटणी तिखट लागू नये म्हणून वरून दही लावलेला, शिवाय 'हा घास हत्तीचा, हा घास उंदराचा' हे सगळं करून झालेलं. मग तो तुकडा मीच खातो. लग्नाआधी मला दही लावलेला डोसा आवडत नसे, आता सवय झाली आहे.

मोटारसायकलवरून उतरतो तो त्याचा मामा, म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. तिरुवैयारूला आईजवळ राहतो, तंजावरात दुचाकी गाड्यांच्या दुकानात नोकरी करतो, लग्न अजून केलेलं नाही. माणूस वाईट नाही. हे मी आधीच लिहून टाकतो, कारण पुढे मला ते सुचेल असं वाटत नाही.

मी मूळचा मिरजेचा. बायको इथलीच. मराठा राजांच्या काळात जी घरं इकडे आली आणि परत गेलीच नाहीत, त्यांतलं एक तिचं. घरात सगळे मराठीच बोलतात, पण माझ्या आत्याने ती लग्नात पहिल्यांदा ऐकली तेव्हा 'ही माणसं पोथीतून बोलतात की सांबारातून?' असं मला कानात विचारलं होतं. बायको कॉलेजात शिकवते आणि सकाळीच घर सोडते. मी चेन्नईच्या एका कंपनीचं काम घरी बसून करतो, त्यामुळे मुलगा माझ्या ताब्यात. ताब्यात म्हणजे अंघोळ, डबा, बालवाडीची व्हॅन, सर्दी, ताप आणि रोज हरवणारा डावा बूट. गल्लीतल्या बायका सुरुवातीला माझ्याकडे कौतुकाने बघत. पुढे त्यांचं कौतुक संपलं आणि त्या मला कढीपत्ता कुणाकडून घ्यावा ते सांगू लागल्या.

मूल वाढवणं हे मी अंगावर घेतलेलं काम होतं आणि अंगावर घेतलेलं काम मी वाचून करतो. पुस्तकं वाचली, व्हिडिओ पाहिले. मुलाशी बोलताना गुडघ्यावर बसायचं, म्हणजे डोळे समोरासमोर येतात. हुकूम सोडायचा नाही, निवड द्यायची. निळा शर्ट घालतोस की पिवळा? लाच नाही, धमकी नाही. इकडे मुलांना 'पूच्चांडी येईल' म्हणून घाबरवतात, आपल्याकडच्या बागुलबुवाचा हा भाऊ. त्याला मी घरात बंदी घातली. आणि सगळ्यांत वरचा नियम असा की मुलाशी खोटं बोलायचं नाही. कधीच नाही, अगदी सोयीसाठीसुद्धा नाही.

या शेवटच्या नियमाचं फळ मला मिळालं होतं. इंजेक्शन द्यायला नेलं तेव्हा दवाखान्यातली झाडून सगळी मुलं रडत होती आणि सगळ्या आया 'काही नाही, काही नाही' म्हणत होत्या. मुलाने मला विचारलं, "वलिक्कुमा?" दुखेल का? त्याला महत्त्वाचं काही विचारायचं असलं की तो तमिळमध्ये विचारतो. मी म्हणालो, "दुखेल. आपण दहापर्यंत मोजू, दहा व्हायच्या आत थांबेल." आम्ही मोजलं. सातला थांबलं. तो रडला नाही, उलट शेजारच्या मुलीला म्हणाला, "माझा बाबा सांगतो तसंच होतें." त्या दिवशी मी घरी चालत आलो की तरंगत, मला आठवत नाही. जगातल्या कुठल्याही मामाकडे हे नाही, एवढं मात्र मला पक्कं वाटलं होतं.

कारण मामा दर रविवारी धडधडीत खोटं बोलत असे. देवळातल्या हत्तिणीला त्याचा फोन नंबर पाठ आहे. कावेरीतले मासे दुपारी झोपतात, म्हणून पुलावर हॉर्न वाजवायचा नसतो. जेवणाच्या तोंडावर तो केळ्याच्या वेफर्सची पिशवी फोडायचा. मुलाला पाय धरून उलटं टांगायचा, मोटारसायकलच्या टाकीवर बसवून राजवाड्याला चक्कर मारून आणायचा. निवड वगैरे काही नाही, सरळ उचलायचा. आणि माझा मुलगा, ज्याला मी आठवडाभर निवडी देऊन देऊन दमलेला असे, तो खदाखदा हसत स्वतःला उचलू द्यायचा. आठवडाभर कणीक मी मळायची आणि रविवारी येऊन याने आयत्या पिठावर रेघोट्या ओढायच्या.

एकदा मी मुलाला विचारलं, "हत्तिणीला खरंच नंबर पाठ आहे का रे?"

"नाहीं," तो म्हणाला. "मामा गंमत करतो."

म्हणजे खोटं आहे हे त्याला ठाऊक होतं, आणि तरी चालत होतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी खरं बोलून जेवढं मिळवत होतो तेवढंच हा खोटं बोलून मिळवत होता, तेही आठवड्यातून एका सकाळी.

मला मत्सर वाटत होता. दुसरा शब्द शोधण्यात अर्थ नाही. आणि मत्सर वाटू लागला की माणसाला सगळीकडे तेच दिसतं. मला कळून चुकलं की सगळा हिंदू धर्मच मामाच्या बाजूने आहे. मुंजीत मामा, लग्नात मुलीच्या पाठीशी मामा, सुट्टीत मामाचं गाव. वर आकाशात पाहावं तर तिथेही चांदोमामा. चंद्राला कुणी चांदोबाबा म्हटलेलं ऐकलं नाही. मुलगा वर्षाचा झाला तेव्हा त्याचे केस उतरवले, तेही मामाच्या मांडीवर बसवून. त्या दिवसाचा फोटो सासूबाईंच्या बैठकीत लावलेला आहे. त्यात मामा आहे, मुलगा आहे, बायको आहे, सासूबाई आहेत, न्हावीसुद्धा आहे. मी नाही, कारण फोटो मी काढत होतो.

मुलाला पाचवं लागलं तशी सासूबाईंनी कान टोचायची गोष्ट काढली. आमच्या मिरजेला बारशाच्या सुमाराला सोनार घरी येतो, तार ओवतो, चहा पितो आणि जातो. मुलाला काही कळायच्या आत सगळं आटोपतं. इथे तसं नाही. तमिळांच्या शेजाराने या घरांतही ती रीत आली आहे. मूल कळतं झाल्यावर देवळात न्यायचं, नातलग जमवायचे, केळीच्या पानावर जेवणं घालायची. मामाने ताटातून नवे कपडे आणि कानातलं सोनं आणायचं. आणि टोचताना मुलाने बसायचं कुठे, तर मामाच्या मांडीवर.

"या वेळी माझ्या मांडीवर," मी बायकोला म्हणालो.

ती उत्तरपत्रिका तपासत होती. लाल पेन तसंच हातात धरून तिने वर पाहिलं. "कशाला?"

मी तिला व्यवस्थित कारणं दिली. दुखण्याच्या वेळी मुलाला सर्वांत ओळखीच्या माणसाचा स्पर्श हवा. रोज त्याच्याबरोबर असतो कोण? रीत आहे म्हणून मुलाच्या मनावर ताण द्यायचा का? मी बराच वेळ बोललो. तिने सगळं ऐकून घेतलं.

"जळतां तुम्ही," ती म्हणाली.

"मी मुलाचा विचार करतोय."

"जळतांच तुम्ही. एवढें कबूल करा, मग मी अम्माशीं बोलतें."

मी कबूल केलं नाही, तरी ती बोलली. बायकोने फोन स्पीकरवर टाकला होता, त्यामुळे सासूबाईंच्या मागून मामाचा आवाज मला ऐकू आला. "भावोजींना धरायचें असलें तर धरूं देत कीं. मला काय त्यांत." इतक्या सहज! ज्याच्यासाठी मी दोन दिवस मनात वाद घालत होतो, ते त्याने उरलेला मुरुक्कू, म्हणजे इकडची चकली, पुढे करावा तसं देऊन टाकलं. त्याने भांडण केलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

पण बायकोने एक अट घातली. "लेंकरास विचारा. तुम्हीच म्हणतां ना, त्याचें त्यानें निवडावें म्हणून."

माझाच नियम माझ्या गळ्यात. शनिवारी संध्याकाळी मी गच्चीवरचे कपडे काढत होतो आणि मुलगा खाली पडलेले चिमटे डब्यात टाकत होता. मी गुडघ्यावर बसलो. डोळे समोरासमोर आणले. उद्या काय काय होणार ते खरं खरं सांगितलं. सोनार येईल, कानाला हळदीचा ठिपका लावेल, सोन्याची तार आरपार घालेल. मग विचारलं, "तू कुणाच्या मांडीवर बसशील? मामाच्या की बाबाच्या?"

"मामाच्या," तो म्हणाला. क्षणभरही थांबला नाही. चिमटा डब्यात टाकला आणि दुसरा उचलला.

तिथे मी उठायला हवं होतं. कपडे घेऊन खाली जायला हवं होतं. ते न करता मी म्हणालो, "मामाच्या मांडीवर दुखतं. बाबाच्या मांडीवर बसलं की दुखत नाही."

तो थांबला. माझ्याकडे नीट पाहून त्याने विचारलं, "वलिक्कादा?" दुखणार नाही?

"नाही," मी म्हणालो.

"सेरि," तो म्हणाला. बरं. आणि चिमटे गोळा करायला लागला. खात्री करून घ्यायची त्याला गरजच नव्हती. मी खाली आलो आणि बायकोला सांगितलं की त्याने मला निवडलं. ती म्हणाली, "आश्चर्य आहे." मला मात्र त्या संध्याकाळी फार छान वाटलं. भात नेहमीपेक्षा चांगला झाला होता.

रविवारी सकाळी तिरुवैयारूजवळच्या त्यांच्या कुळाच्या देवळात आम्ही सगळे जमलो. देऊळ लहान, पुढे चिंचेचं झाड, झाडाखाली सतरंजी. सोनार आपली पेटी उघडून बसला होता. मामाने ताटं आणली. रेशमी काठाची चिमुकली वेष्टी, म्हणजे इकडचं धोतर, नारळ, केळी, डबीत सोन्याच्या दोन बारीक तारा. मुलाला वेष्टी नेसवली तीही त्यानेच, मला ती जमत नाही. मग सतरंजीवर मामासाठी राखलेली जागा होती ती त्याने हाताने झटकली आणि म्हणाला, "बसा भावोजी."

मी बसलो. मुलगा माझ्या मांडीवर बसला. ताठ, ऐटीत. नातलगांची मुलं भोवती कोंडाळं करून उभी होती, आता हा रडणार याची वाट पाहत. त्याने त्यांना सांगितलं, "मला नाहीं दुखणार. माझ्या बाबाच्या मांडीवर दुखत नाहीं." एक मुलगी खुदकन हसली. "खरेंच," तो तिला म्हणाला. "बाबा म्हणाला."

मी सोनाराकडे पाहत होतो. त्याने ठिपका लावला, पाळी दोन बोटांत धरली. मी मुलाचं डोकं माझ्या छातीशी घट्ट धरलं. सोनाराने तार घातली.

तो लगेच ओरडला नाही. त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, सोनाराकडे नाही. "बाबा," तो म्हणाला, "वलिक्कुदु." दुखतंय. हे त्याने मला कळवलं. काहीतरी चुकतंय आणि बाबाला ते माहीत नाही, अशा आवाजात कळवलं. मी नजर चुकवली. मग त्याला समजलं असावं की मला माहीत होतं. त्यानंतर तो जो ओरडला त्याने चिंचेवरचे कावळे उडाले.

तो माझ्या हातातून निसटला, अर्धवट सुटलेल्या वेष्टीत अडखळला आणि मामाच्या पायांना जाऊन बिलगला. एका कानात सोनं, दुसरा कान रिकामा. सोनार तार हातात धरून बसलेला. मी मांडी घालून तसाच बसून होतो आणि मांडीवर कुणी नव्हतं.

मामा खाली बसला, माझ्या शेजारीच. मुलाला पुढ्यात घेतलं. मला वाटलं, आता हत्तीचं काहीतरी काढेल. त्याने तसलं काही काढलं नाही. "हा कान पण दुखेल," तो म्हणाला. "त्याहून जास्तच दुखेल. दुखलें कीं मला मार. जेवढें दुखेल तेवढें मार."

"मारूं?"

"मीच सोनारमामाला बोलावलें ना? मग मलाच मारायचें. बाबाला नाहीं."

दुसरा कान टोचला. मुलगा किंचाळला आणि दोन्ही मुठींनी मामाच्या छातीवर, तोंडावर, कानांवर सुटला. मामा "अय्यो! अय्यय्यो! मेलों!" करत मागे कोलमडला. कोंडाळ्यातली मुलं हसायला लागली, मोठी माणसं हसायला लागली, मारता मारता माझा मुलगाही हुंदक्यांच्या मधूनच हसला. त्याचा जोर संपला तसं मामाने त्याला उभं केलं, वेष्टी नीट केली आणि माझ्याकडे तोंड करून हलकेच ढकललं. "जा आतां. बाबाकडे जा."

त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि तो आईकडे गेला.

जेवणं झाल्यावर सासूबाई माझ्या पानात गोड पोंगल वाढायला आल्या. मी नको म्हणालो, त्यांनी वाढला. त्या मला कधी बोलत नाहीत, जावई, म्हणजे इकडच्या भाषेत माप्पिळ्ळै, आहे म्हणून. त्या दिवशी मात्र वाढता वाढता, पोंगलाकडे पाहत, म्हणाल्या, "मामाच्या मांडीवर कां बसवतात म्हणतां? मामा दुसऱ्या घरीं राहतो. लेंकरूं त्याला मारतें, रागावतें, तो आपल्या घरीं जातो. चार दिवसांनीं येतो तों राग विसरलेलें असतें. बापावरचा राग घेऊन लेंकरास त्याच घरांत जेवायचें, त्याच घरांत निजायचें. मांडी ही काय मानाची जागा आहे का, माप्पिळ्ळै? ती मार खायची जागा." मग त्या शेजारच्या पानाकडे गेल्या.

म्हणजे इतकी वर्षं मी ज्या खुर्चीसाठी तळमळत होतो ती मानाची खुर्ची नव्हतीच. माझा खरा वाटा नंतरचा होता. रडणाऱ्या पोराला उचलून घ्यायचं, देवळाभोवती फिरवायचं, 'कुणी मारलं माझ्या बाळाला' म्हणायचं. ती जागा या लोकांनी बापासाठी राखून ठेवली होती, आणि मी ती सोडून दुसऱ्याच्या ताटातलं ओढायला गेलो. मामाने मला मामा बनवलं असतं तरी चाललं असतं. पण त्याने काहीच केलं नव्हतं. त्याने फक्त सतरंजी झटकून दिली होती.

बरं, यामुळे माझा मत्सर निवळला का? छे. वाढला. पूर्वी तो मला हलका माणूस वाटत होता, वेफर्स आणि मोटारसायकल एवढाच. आता तो चांगला माणूस असल्याचं कळलं होतं, आणि चांगल्या माणसाचा मत्सर करणं फार जिवावर येतं. त्याला मनातल्या मनात नावं ठेवायचीही सोय राहत नाही.

टोचलेल्या कानांना रोज सकाळी कोमट खोबरेल लावायचं आणि तार हळूच फिरवायची, नाहीतर ती चिकटते. बायको कॉलेजला गेल्यावर हे काम अर्थात माझं. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, मी वाटीत तेल कोमट केलं, कापूस घेतला आणि मुलापुढे गुडघ्यावर बसलो.

त्याने दोन्ही कान हातांनी झाकले. "वलिक्कुमा?"

"थोडं दुखेल," मी म्हणालो. "तार फिरवताना. लगेच थांबेल."

हे खरं होतं, शब्दाला शब्द खरं होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं. पूर्वी 'सेरि' म्हणायला त्याला जेवढा वेळ लागे तेवढा वेळ गेला, आणखी तेवढाच गेला. कानांवरचे हात निघाले नाहीत.

"मामाला फोन कर," तो म्हणाला.

"मामा कामावर असेल."

"मामाला विचार."

मी फोन लावला. दुकानातला गलका ऐकू येत होता, कुणीतरी इंजिन चालू करून पाहत होतं. मुलाने माझ्या हातातला फोन एक हात काढून घेतला आणि तमिळमध्ये विचारलं, बाबा म्हणतो थोडंच दुखेल, ते खरं का. फोन त्याच्या कानापाशी नीट धरलेला नव्हता, टोचलेला कान दुखू नये म्हणून, आणि त्यामुळे उत्तर मलाही ऐकू आलं.

मामा हसला नाही. हत्तीचं काही बोलला नाही. "बाबा सांगतात तेंच खरें," तो म्हणाला. "तुझा बाबा खोटें सांगत नाहीं."

मुलाने फोन मला परत दिला, दुसरा हात खाली घेतला आणि कान माझ्यापुढे केला.